चार्ल्स ह्यूस्टन यांची डीनकी आणि बंद केलेलं नाइट स्कूल

लॉ स्कूलच्या डीनचं करिअर म्हटलं की एक ठरलेली शिडी डोळ्यासमोर येते. नावाजलेल्या कॉलेजची डिग्री, एखाद्या जजकडे वर्ष-दोन वर्षं क्लार्क, थोडी वकिली, मग शिकवणं, लेख छापणं, नोकरीत कायम होणं, कमिट्यांवर बसणं आणि मग कधीतरी डीनची खुर्ची. तिथून पुढे कुणी युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट होतो, कुणी जज. एलेना केगन २००३ ते २००९ हार्वर्ड लॉ स्कूलच्या डीन होत्या, तिथून सॉलिसिटर जनरल झाल्या आणि २०१० ला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेल्या, हे अलीकडचं उदाहरण. या शिडीत डीनपद म्हणजे मानाची एक पायरी, वर गेलं की मागे पडणारी.

मला ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्यांनी डीनपद असं वापरलंच नाही. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, वॉशिंग्टन डीसीमधल्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल, १९२९ ते १९३५. (हॉवर्ड वेगळं, हार्वर्ड वेगळं. ह्यूस्टन शिकले हार्वर्डला आणि कारभार पाहिला हॉवर्डचा, पुढे वाचताना तेवढं लक्षात ठेवा.) कागदोपत्री त्यांचं पद व्हाइस-डीनचं होतं, सुरुवातीला डीन म्हणून नाव एका जजसाहेबांचं होतं, पण शाळा चालवली ती ह्यूस्टननीच, म्हणून मी डीनच म्हणणार आहे. आणि या माणसाने आल्या आल्या काय केलं, तर ज्या नाइट स्कूलमधून देशातले कितीतरी ब्लॅक वकील तयार झाले होते ते नाइट स्कूलच बंद करायला घेतलं.

हे बरोबर केलं का, का केलं, त्याची किंमत कुणी मोजली आणि त्या सहा वर्षांचा त्यांच्या पुढच्या सगळ्या करिअरवर काय परिणाम झाला, हेच या लेखात बघायचंय.

आधी माणूस. जन्म ३ सप्टेंबर १८९५, वॉशिंग्टन. आजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली. वडील विल्यम ह्यूस्टन वकील, आणि ते वकील कसे झाले हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे सगळं तिथेच येऊन ठेपतं: दिवसा सरकारच्या वॉर डिपार्टमेंटमध्ये कारकुनी करायची आणि रात्री हॉवर्ड लॉ स्कूलमध्ये शिकायचं. म्हणजे मुलाने जे नाइट स्कूल बंद केलं, बाप त्याच नाइट स्कूलमधून वर आला होता. आई आधी शिक्षिका, नंतर घर चालावं म्हणून केस बांधण्याचा व्यवसाय करायच्या, मोठमोठ्या घरच्या बायका त्यांच्या गिऱ्हाईक. एकुलता एक मुलगा, हुशार, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमधून १९१५ ला वर्गातला एकटा ब्लॅक विद्यार्थी म्हणून बाहेर पडला तो पहिल्या काही जणांत येऊन. मग हॉवर्डला दोन वर्षं इंग्रजी शिकवलं.

इथपर्यंत हे प्राध्यापकाचंच करिअर वाटतं. पण १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली आणि ह्यूस्टन आयोवामधल्या फोर्ट डेस मॉइन्सला ब्लॅक ऑफिसरांच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये गेले. लेफ्टनंट झाले, फ्रान्सला गेले. आणि तिथे शत्रूपेक्षा आपल्याच सैन्यातल्या गोऱ्या सैनिकांनी जास्त छळलं, एका रात्री तर गोऱ्या सैनिकांच्या जमावाने त्यांना आणि सोबतच्या ऑफिसरांना घेरलं, जीव जायचाच बाकी होता. सैन्यातल्या खटल्यांच्या कामात त्यांनी हेही पाहिलं की ब्लॅक सैनिकाला शिक्षा द्यायची असेल तर पुरावा असला काय, नसला काय. नंतर त्यांनी लिहून ठेवलंय की या युद्धातून जिवंत परतलो तर कायदा शिकेन आणि ज्यांना उलटून मारता येत नाही अशांसाठी लढेन, हे तिथेच ठरलं होतं. १९१९ ला परत आले तर त्याच उन्हाळ्यात देशभर वांशिक दंगली, खुद्द वॉशिंग्टनमध्येही.

मग हार्वर्ड लॉ स्कूल. १९२२ ला डिग्री, हार्वर्ड लॉ रिव्ह्यूच्या संपादक मंडळावरचे पहिले ब्लॅक विद्यार्थी, १९२३ ला डॉक्टरेट, मग स्कॉलरशिपवर माद्रिदला जाऊन सिव्हिल लॉचा अभ्यास. रॉस्को पाउंड तेव्हा हार्वर्डचे डीन होते, त्यांचं म्हणणं असं की कायदा हे समाज घडवण्याचं साधन आहे, इंजिनिअर जसा आधी जागा बघतो, भार मोजतो आणि मग बांधतो तसं. ह्यूस्टननी ही कल्पना उचलली आणि तिला धार लावली. वकील एक तर सोशल इंजिनिअर असतो नाहीतर समाजाच्या अंगावर पोसलेलं बांडगूळ, असं ते विद्यार्थ्यांना सांगायचे, हे वाक्य त्यांच्या नावाने आजही सांगितलं जातं.

१९२४ ला सनद मिळाली, वडिलांच्या फर्ममध्ये बसले, ह्यूस्टन अँड ह्यूस्टन. त्याच वर्षापासून हॉवर्डला पार्ट-टाइम शिकवणंही सुरू. १९२७-२८ मध्ये त्यांनी एक काम केलं ज्याच्याबद्दल फार बोललं जात नाही पण माझ्या मते पुढच्या डीनकीचा पाया तोच. देशातल्या ब्लॅक वकिलांची पाहणी. किती आहेत, कुठे आहेत, कसली कामं करतात, कुठे शिकले. चित्र वाईट होतं. १९३० च्या जनगणनेत ब्लॅक लोकसंख्या १ कोटी १८ लाखांच्या वर, आणि सगळ्या देशात मिळून ब्लॅक वकील हजार-बाराशेच्या आसपास, तेही बरेचसे उत्तरेकडच्या शहरांत. दक्षिणेत, जिथे सगळ्यात जास्त लोक राहत होते आणि जिथे सगळ्यात जास्त अन्याय होत होता, तिथे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आणि जे होते त्यातल्या अनेकांना घटनेवरचा खटला वरच्या कोर्टापर्यंत नेण्याचं ट्रेनिंगच नव्हतं, इस्टेटीची, गहाणखतांची, किरकोळ फौजदारीची कामं करून पोट भरत होते, बिचारे दुसरं करणार तरी काय, ब्लॅक अशिलांकडे पैसा नाही आणि गोरा अशील यांच्याकडे येणार नाही.

आता हॉवर्ड लॉ स्कूलची तेव्हाची हालत. शाळा जुनी, १८६९ ची, पहिले डीन जॉन मर्सर लँगस्टन. पण १९२० च्या दशकापर्यंत तिचं रूप असं झालेलं: संध्याकाळचे वर्ग, शिकवणारे दिवसभर कोर्टात किंवा ऑफिसात काम करून आलेले जज आणि वकील, शिकणारे सरकारी खात्यांतले कारकून, निरोपे, पोस्टातले लोक. लायब्ररी तोकडी. अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे वकिलांच्या देशव्यापी संघटनेची मान्यता नाही, असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्सचं सभासदत्व नाही. फी कमी, कष्ट भरपूर, आणि तरीही, हे महत्त्वाचं, देशातल्या ब्लॅक वकिलांचा फार मोठा हिस्सा याच वर्गांतून आलेला. गोऱ्यांची लॉ स्कूल्स दक्षिणेत तर पूर्ण बंद होती आणि उत्तरेत एखाद-दुसऱ्याला घ्यायची.

१९२६ ला मॉर्डेकाय जॉन्सन हॉवर्डचे प्रेसिडेंट झाले, त्या पदावरचे पहिले ब्लॅक. त्यांना सुप्रीम कोर्टाचे जस्टिस लुई ब्रँडाइस यांनी स्पष्ट सुनावलं होतं असं सांगितलं जातं, की ब्लॅक लोकांच्या बाजूने आमच्यापुढे येणारी ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, बघितली की कळतं तयारी कच्ची आहे, तुम्ही पूर्णवेळ शिक्षक असलेलं खरं लॉ स्कूल उभं करा. १९२८ च्या शेवटी काँग्रेसने हॉवर्डला दरवर्षी सरकारी अनुदान देता येईल असा कायदा केला, त्यामुळे काहीतरी मोठं करायला पैशाची शक्यता तयार झाली. आणि १९२९ ला जॉन्सननी ह्यूस्टनना आणलं. वय चौतिशीच्या आत, मधेच क्षयाचा आजार झालेला, फर्म नीट चाललेली. हे पद घेतलंच पाहिजे अशी काही गरज नव्हती.

ह्यूस्टननी जे ठरवलं ते थोडक्यात असं. रात्रीचे नवे प्रवेश थांबवायचे, असलेले विद्यार्थी बाहेर पडले की संध्याकाळचे वर्ग संपले. त्याजागी पूर्णवेळ दिवसाचं तीन वर्षांचं लॉ स्कूल. प्रवेशाची अट कडक. पार्ट-टाइम शिक्षकांपैकी बहुतेकांना नमस्कार, पूर्णवेळ माणसं आणायची. लायब्ररी वाढवायची. आणि मान्यता मिळवायची, लवकरात लवकर.

माजी विद्यार्थी भडकले. का भडकू नयेत? हे लोक स्वतः रात्री शिकलेले, दिवसभर टेबलावर फायली उपसून संध्याकाळी पुस्तक उघडलेले, आणि आता त्यांच्याच शाळेचा नवा कारभारी, स्वतः अ‍ॅमहर्स्ट आणि हार्वर्डला शिकलेला, सांगतोय की तुम्ही जसे शिकलात तसं शिकणं पुरेसं नाही. वर हे सगळं चाललंय १९२९-३० मध्ये, बाजार कोसळलेला, नोकऱ्या जातायत, अशा वेळी ज्याची नोकरी टिकलीय त्याला सांगायचं की वकील व्हायचं तर नोकरी सोड आणि दिवसा ये. प्रवेश घटले. जॉन्सनवर टीका झाली, ह्यूस्टनवर झाली, की हे लोक शाळेला हार्वर्डची नक्कल बनवतायत.

आणखी एक गोष्ट जी मला फार टोचते. ज्या अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळवायला एवढा आटापिटा, त्या संघटनेचे दरवाजे ह्यूस्टनना स्वतःला बंद होते. १९१२ ला तिथे नजरचुकीने तीन ब्लॅक वकिलांना सभासद करून घेतलं गेलं आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्यानंतर अर्जात वंश लिहायची अट आली, म्हणजे व्यवहारात बंदीच, जी १९४३ पर्यंत टिकली. म्हणून तर १९२५ ला ब्लॅक वकिलांनी डेस मॉइन्सला स्वतःची नॅशनल बार असोसिएशन काढली. ह्यूस्टननी हा अपमान गिळला असं मी म्हणणार नाही, त्यांनी हिशेब केला. त्या शिक्क्याशिवाय त्यांच्या पोरांची डिग्री कमी दर्जाची आहे असं कुठल्याही राज्यातलं बोर्ड म्हणू शकत होतं, आणि तो बहाणा त्यांना कुणाच्याही हातात ठेवायचा नव्हता. १९३१ ला बार असोसिएशनची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात लॉ स्कूल्सच्या असोसिएशनचं सभासदत्व. दोन वर्षांच्या आसपास एवढं काम. कुठल्याही शिक्षणसंस्थेत ज्यांनी एखादी फाइल पुढे सरकवली असेल त्यांना या वेगाची किंमत कळेल.

पण इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि ह्यूस्टनवर प्रेम असलेले लोक तो टाळतात. मान्यतेसाठी नाइट स्कूल बंद करणं गरजेचं होतं का? बार असोसिएशनचे १९२१ चे निकष बघितले तर रात्रीच्या वर्गांना तिथे बंदी नव्हती. अट होती ती दोन वर्षं कॉलेज झालेलं असावं, पूर्णवेळ शिकणाऱ्याला तीन वर्षं आणि अर्धवेळ शिकणाऱ्याला तासांची बरोबरी होईल इतकी जास्त वर्षं, नीट लायब्ररी आणि पुरेसे पूर्णवेळ शिक्षक. म्हणजे चार वर्षांचा संध्याकाळचा कोर्स कागदावर शक्य होता. मग तो का ठेवला नाही? माझं उत्तर असं की ह्यूस्टनकडे माणसं नव्हती. विल्यम हेस्टी १९३० ला शिकवायला आले, तेही हार्वर्डचे, लिऑन रॅन्सम होते, अजून दोन-चार. एवढ्या मूठभरांनी दिवसाचे आणि रात्रीचे असे दोन संसार चालवले असते तर दोन्ही अर्धवट झाले असते. आणि दुसरं म्हणजे त्यांना जसं ट्रेनिंग द्यायचं होतं ते थकून आलेल्या माणसाला संध्याकाळच्या दोन तासांत देताच येत नाही. दिवसा कोर्टात बसून खटले बघायचे, तुरुंग बघायचे, पोलिसांचं काम कसं चालतं बघायचं, रात्री लायब्ररी. त्यांना डिग्रीधारक नको होते, त्यांना एका ठरावीक लढ्यासाठी माणसं हवी होती.

त्या माणसांपैकी एक म्हणजे थर्गुड मार्शल, पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले ब्लॅक जस्टिस. घर बाल्टिमोरला, तिथलं मेरीलँड युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल घरापासून जवळ पण ब्लॅक विद्यार्थ्यांना घेत नव्हतं. म्हणून १९३० च्या हिवाळ्याच्या तोंडावर रोज पहाटे उठून ट्रेनने वॉशिंग्टन आणि रात्री परत. फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण टाकली. पहिल्या वर्षी वर्गात पहिला आला म्हणून लायब्ररीत विद्यार्थी-सहायकाची नोकरी मिळाली, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या नोकरीमुळे फीचा प्रश्न थोडा सुटला आणि संध्याकाळी उशिरापर्यंत तो तिथेच असायचा, जिथे ह्यूस्टन आणि हेस्टी खऱ्या खटल्यांचे कागद पसरून बसलेले असायचे. दिवसाच्या शाळेने नोकरदार पोरांना बाहेर ठेवलं हे खरं, पण एका गरीब पोराला आत टिकवायला अशी एखादी नोकरीच लागली हेही खरंच.

ह्यूस्टन कडक किती? विद्यार्थी त्यांना आयर्न शूज म्हणायचे, सिमेंट पँट्स म्हणायचे. पहिल्या दिवशी सांगायचे की उजवीकडच्याकडे बघा, डावीकडच्याकडे बघा, पुढच्या वर्षी तुमच्यातले बरेच इथे नसतील. आणि खरंच मार्शलच्या बॅचमधली कितीतरी पोरं गळली, शेवटी थोडीच उरली. पहिला मार्शल, दुसरा ऑलिव्हर हिल, साल १९३३. ह्यूस्टनचं म्हणणं एकच होतं, गोऱ्या वकिलाइतकी तयारी असून चालणार नाही, त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे, कारण तुझी चूक कुणी सांभाळून घेणार नाही. रॉस्को पाउंड, नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो यांच्यासारखी माणसं येऊन व्याख्यानं द्यायची.

आणि शिकवण्याबरोबर खटले चालूच. १९३३ ला व्हर्जिनियात लाउडन काउंटीत जॉर्ज क्रॉफर्डचा खटला. दोन गोऱ्या बायकांच्या खुनाचा आरोप, आरोपी ब्लॅक, ज्युरीत ब्लॅक माणूस घ्यायचाच नाही असा रिवाज. ह्यूस्टननी बचावाची पूर्ण टीम ब्लॅक वकिलांची ठेवली, त्या काळी दक्षिणेतल्या कोर्टात ही गोष्ट ऐकली नव्हती कुणी, आणि विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतलं. ज्युरीतून ब्लॅक लोकांना वगळण्यावर हरकत घेतली, ती फेटाळली गेली. क्रॉफर्ड दोषी ठरला पण फाशी न होता जन्मठेप झाली. डाव्या विचारांच्या काही लोकांनी नंतर ह्यूस्टनना झोडपलं की अपील का केलं नाही. त्यांचा विचार होता की फेरखटल्यात त्याला फाशी होऊ शकते, अशिलाचा जीव पणाला लावून तत्त्वाचा मुद्दा पुढे रेटायचा नाही. मला वाटतं वर्गात दहा व्याख्यानं देऊन शिकवता येणार नाही ते त्या पोरांनी इथे पाहिलं, की मोठा मुद्दा आणि समोर बसलेला माणूस यात ओढाताण झाली तर वकील काय करतो.

१९३५ ला ह्यूस्टन हॉवर्डमधून रजा घेऊन न्यूयॉर्कला गेले, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे पूर्णवेळ स्पेशल कौन्सेल, म्हणजे खास वकील म्हणून. डीन म्हणून शाळा आत्ता कुठे रुळावर आलेली, मान्यता आहे, नाव होतंय, इथे थांबले असते तर आयुष्यभर प्रतिष्ठेने राहिले असते. पण ते गेले. इथेच त्यांचं करिअर शिडीच्या हिशेबात बसत नाही.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. ह्यूस्टनच्या डीनकीबद्दल नेहमी सांगितलं जातं की त्यांनी मार्शल घडवला. ते आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डीन म्हणून ते जे शिकले तेच पुढे कोर्टात हत्यार झालं. तेव्हा कायदा होता सुप्रीम कोर्टाच्या १८९६ च्या प्लेसी निकालाचा, ब्लॅक आणि गोऱ्यांना वेगळं ठेवा पण समान ठेवा. ह्यूस्टननी ठरवलं की हल्ला करायचा तो पदवीनंतरच्या शिक्षणावर आणि त्यातही लॉ स्कूलवर, कारण राज्यांनी ब्लॅक लोकांसाठी वेगळी लॉ स्कूल्स काढलेलीच नव्हती, आणि समोर बसलेला प्रत्येक जज लॉ स्कूल म्हणजे काय हे जाणतो, त्याला फसवता येत नाही. एक लॉ स्कूल उभं करायला काय काय लागतं, लायब्ररी किती, शिक्षक किती, मान्यता कशी मिळते, नावलौकिक कसा तयार होतो, हे या देशात त्यांच्याइतकं अलीकडेच स्वतःच्या हाताने केलेला दुसरा वकील शोधूनही सापडला नसता.

पहिला दणका मेरीलँडला. डोनाल्ड मरी, अ‍ॅमहर्स्टचाच पदवीधर, मेरीलँड लॉ स्कूलने वंशामुळे नाकारलेला. मार्शल आता बाल्टिमोरला वकिली करत होता, त्याने खटला भरला आणि ह्यूस्टन जून १९३५ ला उलटतपासणीला उभे राहिले. युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट म्हणत होते की ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी प्रिन्सेस अ‍ॅनला आमची संस्था आहे की. मग प्रश्न सुरू, तिथे शिक्षक किती, त्यांच्या डिग्र्या काय, डॉक्टरेट कुणाकडे आहे. डीनने विचारावेत असे प्रश्न. जजने तिथल्या तिथे आदेश दिला की मरीला प्रवेश द्या, आणि जानेवारी १९३६ ला वरच्या कोर्टाने तो कायम केला. ज्या शाळेचं दार मार्शलसाठी बंद होतं ते मार्शलनेच, आपल्या डीनसोबत उभं राहून उघडलं.

मग मिझुरी. लॉइड गेन्स. राज्य म्हणालं तुला शेजारच्या राज्यात शिकायचा खर्च देतो, आमच्या लॉ स्कूलमध्ये येऊ नकोस. ह्यूस्टननी सुप्रीम कोर्टात बाजू मांडली, आणि जस्टिस मॅक्रेनॉल्ड्स त्यांचा युक्तिवाद चालू असताना पाठ फिरवून बसले. ह्यूस्टन बोलत राहिले. १२ डिसेंबर १९३८ ला निकाल, ६ विरुद्ध २, चीफ जस्टिस ह्यूज यांनी लिहिलं की समान सोय राज्याने आपल्या हद्दीत दिली पाहिजे, दुसरीकडे पाठवून जबाबदारी संपत नाही. गेन्स मात्र पुढच्या मार्चमध्ये शिकागोत बेपत्ता झाला तो कधीच सापडला नाही.

त्याच वर्षी ह्यूस्टन न्यूयॉर्क सोडून वॉशिंग्टनला वडिलांच्या फर्ममध्ये परतले होते, तब्येत साथ देत नव्हती, आणि न्यूयॉर्कची जागा मार्शलकडे गेली. लोक इथे त्यांची गोष्ट संपवतात, ते बरोबर नाही. १९४४ ला स्टील केसमध्ये त्यांनी रेल्वेच्या गोऱ्या युनियनविरुद्ध सुप्रीम कोर्टात निकाल मिळवला की जी युनियन सगळ्या कामगारांच्या नावाने करार करते तिने सगळ्यांचं हित बघितलंच पाहिजे, ज्यांना ती सभासद करून घेत नाही त्यांचंही. १९४८ ला घरं फक्त गोऱ्यांनाच विकायची अशा करारांविरुद्ध वॉशिंग्टनचा खटला त्यांनीच लढवला. मग वॉशिंग्टनमधल्या पालकांचा एक गट आपल्या मुलांच्या दाटीवाटीच्या शाळांची तक्रार घेऊन आला, तो खटला हातात असताना हृदयविकाराने खाटेला खिळले, तेव्हा त्यांनी तो हॉवर्डमधल्या जेम्स नाब्रिट यांच्याकडे सोपवायला सांगितलं. २२ एप्रिल १९५० ला गेले, वय ५४.

दीड महिन्यात, ५ जून १९५० ला, स्वेट विरुद्ध पेंटरचा निकाल लागला. टेक्ससने घाईघाईने ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं होतं. खालच्या कोर्टात पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलचे डीन अर्ल हॅरिसन यांनी साक्ष दिली होती की याला लॉ स्कूल म्हणताच येत नाही. सुप्रीम कोर्टाने मोजलं काय, तर शिक्षक, लायब्ररी, आणि त्यापलीकडे न मोजता येणाऱ्या गोष्टी, शिक्षकांचं नाव, माजी विद्यार्थ्यांचं स्थान, शाळेची प्रतिष्ठा. ह्यूस्टननी हॉवर्डला जे जे उभं करायची धडपड केली होती ते ते या निकालात आलं. मग १७ मे १९५४ ला सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाविरोधी ठरवणारा ब्राउनचा निकाल, आणि नाब्रिटकडे सोपवलेला वॉशिंग्टनचा खटला बोलिंग विरुद्ध शार्प म्हणून त्याच दिवशी जिंकला. त्या युक्तिवादांची रंगीत तालीम हॉवर्ड लॉ स्कूलमध्येच व्हायची, प्राध्यापक जज बनून बसायचे आणि मार्शलला फाडून खायचे.

आता नाइट स्कूलचा हिशेब. माझं मत स्पष्ट आहे, निर्णय बरोबर होता, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नोंद व्हायलाच पाहिजे. १९३० नंतर वॉशिंग्टनच्या सरकारी ऑफिसांत विल्यम ह्यूस्टनसारखे किती कारकून बसलेले असतील ज्यांना वकील व्हायचं होतं आणि ज्यांच्यापुढे एकच परवडणारं दार होतं ते बंद झालं. त्यांची नावं कुठल्याही निकालात सापडणार नाहीत. पन्नास चांगले वकील की पाचशे बरे वकील, असा तो प्रश्न होता, आणि गावोगावी साधं भाडेपत्र वाचून देणारा, पोलिसांनी उचललेल्या पोराचा जामीन करणारा वकीलही कुणाला तरी लागतोच ना. ह्यूस्टननी पन्नास निवडले, कारण १८९६ चा निकाल पाचशे बऱ्या वकिलांनी हलला नसता. शिक्षक आणि पैसा वाढल्यावर संध्याकाळचा चार वर्षांचा कोर्स परत सुरू करता आला असता का, हा प्रश्न मी त्यांना विचारला असता. स्वतः वकील असलेल्या बापाशी या विषयावर त्यांचं घरात काय बोलणं झालं असेल, हेही ऐकायला आवडलं असतं.

त्यांच्यानंतर हॉवर्ड लॉ स्कूलच्या खुर्चीत कोण बसलं ते बघा. हेस्टी १९३९ ला डीन झाले ते फेडरल जजची जागा सोडून, पुढे फेडरल अपील कोर्टात गेले. नाब्रिटनी १९३८ ला तिथे नागरी हक्कांच्या कायद्याचा कोर्स सुरू केला, ते डीन झाले आणि १९६० ला युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट. त्यांच्यानंतर स्पॉट्सवुड रॉबिन्सन, हॉवर्डचेच १९३९ चे पदवीधर, व्हर्जिनियाचा खटला ब्राउनच्या निकालापर्यंत नेणारे, डीन झाले आणि तिथून फेडरल कोर्टात. तिघांनीही डीन व्हायच्या आधी कोर्टात उभं राहून वर्णभेदाविरुद्ध खटले लढवले होते.